मागच्या सीटचं वजन

१

रविवारी सकाळी सातला मी वर्कशॉपचं शटर वर करते, चहाचा कप टेबलावरच्या लोखंड पकडायच्या व्हाइसशेजारी टेकवते आणि गाडीभोवती एक फेरी मारते. गेली अकरा वर्षं हा नेम चुकलेला नाही. तेल, हवा, केबली, नटबोल्ट. मग इंजिन थंड असतानाच व्हॉल्व्हची फट मोजायची. गरम इंजिनाची फट मोजणारा मेकॅनिक मेकॅनिकच नव्हे, मग त्याच्या भिंतीवर कितीही सर्टिफिकिटं टांगलेली असोत. माझ्या भिंतीवर एकही नाही. मी चौथी शिकले. बाकीचं सगळं हातांनी शिकले.

गाडी म्हणजे मोटारसायकल, जर्मन, एकोणीसशे अठ्ठावन्नची. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेली. दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे, कमरेवर हात ठेवून भांडायला उभ्या राहिलेल्या बाईच्या कोपरांसारखे. चेन नाही, मागच्या चाकाला शाफ्ट. हिच्या पोटातून आवाज येतो तो फटफट नव्हे, शिलाई मशीन दूरच्या खोलीत चालावं तसा. भंगारवाल्याच्या अंगणात ती पत्र्याखाली पडली होती, टाकीत कुंभारमाश्यांनी मातीची घरं बांधलेली. तिला उठवायला मला चार वर्षं लागली आणि गाडीचं जर्मन पुस्तक वाचायला, डिक्शनरी मांडीवर घेऊन, दोन. लोक मला पानाबाई म्हणतात. चेष्टेनं म्हणायला लागले होते, आता गरज पडली की म्हणतात.

मागच्या दोन शॉकॅब्सॉर्बरच्या तळाशी बोटभर दांडी असते. एकटं जायचं असेल तर ती पुढे, मागे कुणी बसणार असेल तर मागे. पाना लागत नाही, हातानं फिरते, पण चांगलीच घट्ट असते. मी कायम एकटी जाते. त्यामुळे दांड्या कायम पुढे.

त्या रविवारी दोन्ही मागे होत्या.

मी पुढे केल्या आणि व्हॉल्व्हकडे वळले. डोक्यात दुसराच विचार होता. धाकटीचे डोळे. माझी धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून माझ्याकडेच असते. तिच्या नजरेचा मधला भाग विरघळत चालला होता. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग, कडेकडेनं मात्र दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी स्पष्ट सांगितलं होतं, कडासुद्धा जातील, फार तर चार-सहा महिने.

घरी येताना धाकटी रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुझ्या त्या गाडीवरून मला एकदा खिंडीत ने. वरून समुद्र बघायचाय. खालून बघून बघून कंटाळले."

मी शब्द दिला. आणि मी दिलेला शब्द म्हणजे आवळलेला नट असतो.

२

पुढच्या रविवारी दांड्या पुन्हा मागे.

मी म्हटलं, खाचा झिजल्या असतील. दोन्ही शॉक खोलले. खाचा नव्यासारख्या. पुन्हा बसवले, दांड्या पुढे केल्या. सोमवारी सकाळी मागे.

तेव्हा मला वही आठवली. या गाडीच्या टाकीतच, डाव्या गुडघ्याच्या रबराखाली, कुलपाची एक छोटी पेटी असते. हत्यारं ठेवायला. मला गाडी मिळाली तेव्हा तिच्यात तीन पाने, एक स्क्रूड्रायव्हर आणि मेणकापडात गुंडाळलेली वही होती. गाडी ज्याच्याकडे जाईल त्यानं वहीत लिहायचं, अशी रीत पहिल्या मालकानं पाडलेली. तेल कधी बदललं, टायर कुठे फुटला. मी वही एकदा वाचली होती ती मेकॅनिकच्या डोळ्यांनी. म्हणजे फक्त माझ्या कामाचं.

आता सगळं वाचलं.

पहिला मालक जर्मन. गाडी कारखान्यातून काढली आणि देशामागून देश ओलांडत निघाला. बारीक, उभं अक्षर. अंतर, पेट्रोल, पाऊस. आठव्या पानावर एक ओळ होती, ती मी पूर्वी ओलांडून गेले होते. शब्द लावायला मला आताही अर्धा तास लागला. "मागचे स्प्रिंग सकाळी दोघांवर आढळले. एकट्यावर केले. कारण कळत नाही." मग दर दोन-चार पानांनी तीच ओळ. शेवटी शेवटी "कारण कळत नाही" हे लिहायचंही त्यानं सोडलेलं.

दुसरा मालक जमीन मोजणारा सर्व्हेअर. "मागील स्प्रिंग दोघांवर. एकट्यावर केले." नंतर: "आज सौ.ला मागे बसवले. पाच मैलांवर गाडी थांबवायला लावली, उतरली, चालत घरी गेली. विचारले तर बोलत नाही."

तिसरी मालकीण गावोगाव फिरणारी नर्सबाई. हिचं अक्षर मला आवडायचं, ठसठशीत. "बहिणीच्या मुलीला मागे घेतलं. नदीच्या पुलावर उतरली. चालत गेली. पुन्हा कुणाला बसवणार नाही."

इतकंच. कुणी मेलं नाही, कुणी वेडं झालं नाही. फक्त उतरून चालत गेले.

पण धाकटीला खिंडीच्या वाटेवर मधेच उतरून चालत जाता येणार नव्हतं. तिला पायाखालचा दगड दिसत नव्हता.

३

"पानाबाई, तुमची गाडी तुम्हाला कंटाळली असेल," टर्नर म्हणाला. हा माझ्या शेजारच्या गाळ्यात लेथ चालवतो, लोखंड कातून सुटे भाग करून देतो. पन्नाशीचा आहे, पण तोंड विशीतलं. "एकटं एकटं फिरवता. तिला वाटत असेल, म्हातारीला जोडीदार बघावा."

"तू आधी तुझ्या लेथचा कंप बघ. काल दिलेला बुश गोल हवा तो अंड्यासारखा होता."

"अंड्यासारखा? मावशी, मायक्रोमीटर लावून दाखवा!"

"लावलाय. तुझी अब्रू जाईल म्हणून बोलले नाही."

हसून झाल्यावर मी त्याच्याकडून शिशाचं सील आणि तार घेतली. दांड्या पुढे करून तारेनं आवळल्या, सील दाबलं, सीलवर स्वतःच्या हातानं पंचनं खूण मारली. शटरला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात, दुसरी किल्ली नाही.

सकाळी तार तशीच ताणलेली होती. सील अभंग. माझी खूण जागच्या जागी. आणि दांड्या मागे.

मी तिथेच खाली बसले आणि तारेकडे बघत राहिले. तार मी दांडी पुढे असताना बांधली होती. आता दांडी मागे होती आणि तार तिथेच बांधलेली, तितकीच लांब, तितक्याच पिळाची. मी सात पीळ घालते. सात होते.

डोकं सांगत होतं, म्हातारे, तूच चुकून मागे बांधलीस. मी डोक्याला सांगितलं, चूक मी नवऱ्याच्या बाबतीत केली असेल, तारेच्या बाबतीत नाही.

गाडी काढली आणि गावाबाहेरच्या वळणांवर नेली. दांड्या मागेच ठेवून. आणि खरं सांगते, अकरा वर्षांत इतकी सुरेख कधी चालली नव्हती. मागे बसणाऱ्याचं एक कसब असतं. वळणावर जो घाबरून उलट बाजूला झुकतो तो गाडीचा शत्रू. माझ्या मागे जे काही होतं ते माझ्याबरोबर झुकत होतं. नाही, खरं तर माझ्या क्षणभर आधी. वळण दिसण्याच्या आधी.

४

अंदाजावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. गाडी स्टँडवरून काढली, पुढचं चाक लाकडी फटीत अडकवलं, म्हणजे ती दोन्ही चाकांवर उभी राहील. मागच्या मडगार्डवर खडूची रेघ मारली आणि रेघेपासून फरशीपर्यंत टेप लावली. गाडी रिकामी असताना एकसष्ट सेंटिमीटर भरायला हवेत, हे मला पाठ होतं.

साडेसत्तावन्न.

टेपला शिवी दिली. स्टीलची पट्टी आणली. साडेसत्तावन्न. टायरची हवा बघितली, बरोबर. सकाळचे दहा वाजले होते. शटर सताड उघडं, शेजारच्या गाळ्यात टर्नरचा रेडिओ चालू, फरशीवर उन्हाचा चौकोन. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे कितीचं माणूस, हा हिशोब मला येतो. बारीक बांध्याचं. हाडकुळं.

सीटवर काहीच नव्हतं. काळं रबर, मधे जरासा खळगा. खळगा जुनाच असावा.

मी पट्टी न हलवता म्हटलं, "जरा उतरता का? मला माप घ्यायचंय." अनोळखी माणसाला मी अहोजाहोच करते.

आधी काही झालं नाही. मग स्प्रिंग कुरकुरली, एकदाच, जसं कुणी सावकाश, गाडीला धक्का न लावता, सवयीनं उतरतं. खडूची रेघ माझ्या डोळ्यांसमोर वर सरकली.

एकसष्ट.

भीती वाटली का? वाटली. मानेवरचा घाम पाठीतून खाली गेला तो अजून आठवतो. आता ते उतरलं होतं, म्हणजे माझ्या गाळ्यात कुठेतरी उभं होतं, आणि मी गुडघ्यांवर बसलेली, पाठ उघडी. मी पेन्सिल घेतली आणि दोन्ही मापं वहीत लिहिली. मग म्हटलं, "झालं. बसा."

स्प्रिंग पुन्हा कुरकुरली. तेव्हा कुठे मी श्वास सोडला. बसलेलं बरं. उभं असलेलं नको.

आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये एकटं वाटेनासं झालं. मी काम करताना बडबडत असते, ती आता कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. मध्येच टोकणारं, अक्कल पाजळणारं नव्हे. नुसतं ऐकणारं. असा माणूस मला सत्तर वर्षांत भेटला नव्हता.

५

धाकटीचा धीर सुटत चालला होता. एक दिवस कप ओट्यावर ठेवायच्या ऐवजी हवेत ठेवला आणि फुटला, तेव्हा तुकडे गोळा करताना म्हणाली, "ताई, महिना झाला. स्प्रिंग, तार, टेप. मला समुद्र बघायचाय, गाडीचं लग्न नाही लावायचं."

"मागचा स्प्रिंग खराब आहे," मी म्हटलं.

ती हसली. "तुझ्या गाडीचा स्प्रिंग? खराब? हे तू स्वतःच्या तोंडानं बोलतेयस?"

तोंडात मारल्यासारखं झालं. स्वतःच्या कामाची बदनामी मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते. पण दुसरं काय सांगू? मागची सीट भरलेली आहे, म्हणून? भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना ज्या बाईनं जन्मभर दारात उभं केलं नाही, तिनं?

मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर धाकटी घरातून वर्कशॉपमध्ये उतरलेली. भिंत चाचपत, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघत. गाडी स्टँडवर होती, आणि ती मागच्या सीटवर चढून बसली होती, दोन्ही पाय फूटरेस्टवर, लहानपणी झोपाळ्यावर बसायची तशी.

"अगं," ती म्हणाली, "सीट गरम आहे."

इंजिन चार दिवस चालू केलेलं नव्हतं.

"उतर."

"थांब ना. आत्ता कोण बसलं होतं इथं?" मग तिचा आवाज बदलला. हळू झाला. "ताई. माझ्या मांड्यांखाली सीट सरकतेय. कुणीतरी अंग चोरून जागा करून देतंय."

मी तिला काखेत धरून खाली उतरवलं. जरा जोरानंच. ती चिडली, मी चिडले, बोलू नये ते दोघी बोललो. तिचं शेवटचं वाक्य मला लागलं. "तुला मागे कुणी नकोच असतं. भावजींनाही तू कधी बसवलं नाहीस."

खरं होतं. नवऱ्याला मी नेहमी सांगायची, तुझी तू गाडी घे.

६

त्या दुपारी मी फरशीवर आडवी पडून गाडीच्या पोटाकडे बघत होते. मला विचार करायचा असला की मी तिथेच पडते. आणि उत्तर तिथेच होतं, इतकी वर्षं नाकासमोर. चेसिसच्या पाइपांना कारखान्यातूनच जाड कान जोडलेले. साइडकार, म्हणजे बाजूची एकचाकी बैठक, अडकवायला. पुढच्या फोर्कलाही त्यासाठीच दुसरं भोक, गाडी तीन चाकांवर चालली की बोल्ट तिकडे हलवायचा.

धाकटीला त्या भरलेल्या सीटवर बसायची गरजच काय?

मी टर्नरकडे गेले. त्याच्या परसात एक जुनी साइडकार होती, मला माहीत होतं.

"मावशी, तिच्यात कोंबडी अंडी उबवतेय."

"कोंबडीला सांग, घर बदल."

"ती तुमच्यासारखीच आहे. ऐकत नाही."

तीन आठवडे आम्ही दोघं राबलो. कान, सळ्या, क्लॅम्प. चाकांची दिशा दोरी ताणून जुळवली, केसभर इकडे की केसभर तिकडे यावर टर्नरशी दोनदा अबोला धरला. एक बुश मी त्याला चार वेळा नव्यानं करायला लावला, चौथ्यांदा तो घेऊन आला आणि मी म्हटलं, "हा गोल आहे." त्याचा चेहरा फुलला. साइडकारच्या सीटला मी नवं अस्तर शिवलं. ऐसपैस. दांड्यांना त्या तीन आठवड्यांत मी हात लावला नाही. जिथे होत्या तिथे राहू दिल्या.

धाकटी आत बसली, हात फिरवून कडा चाचपल्या आणि म्हणाली, "हे माझं?"

"तुझं."

"मग मागच्या सीटवर कोण बसणार?"

"सामान," मी म्हटलं.

७

सकाळी लवकर निघालो. साइडकार जोडली की गाडी झुकत नाही, हँडल ओढून वळवावी लागते. माझे दंड अजून लोखंडी आहेत. धाकटी मान जराशी वळवून बसली होती. समोर बघायचं तर तिला बाजूला बघावं लागतं. मी सगळा वेळ एकाच गोष्टीची वाट बघत होते, "थांबव, मला उतरायचंय" याची. पाचवा मैल गेला. नदीचा पूल गेला. ती गुणगुणत होती.

खिंडीत पोचलो तेव्हा खाली समुद्र असा पडला होता की कुणी निळा पत्रा ठोकून सपाट केलाय. मी इंजिन बंद केलं. धाकटीनं समुद्राकडे पाठ केली, मग अर्धी वळली, डोळ्याच्या कडेत तो पकडला आणि तशीच थांबली. किती वेळ कोण जाणे. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

"डोळ्यांत भरला?" मी विचारलं.

"भरला."

मग ती आणखी जराशी वळली. आता तिच्या नजरेच्या कडेत समुद्र नव्हता. गाडी होती.

"ताई," ती अगदी शांतपणे म्हणाली, "इथं केवढा वारा आहे. माझा स्कार्फ उडतोय, तुझा कोट फडफडतोय. तिचं काहीच कसं हलत नाही?"

मी वळले नाही. आरशात बघितलं. माझा खांदा, मागचा रस्ता, आकाश.

"कशी आहे?" मी विचारलं.

"सरळ बसलीय. कशालाच धरलेलं नाही." मग थोड्या वेळानं, "माझ्याकडे बघतेय. घाटभर माझ्याकडेच बघत होती. मी सरळ बघितलं की नाहीशी होते, म्हणून मी सरळ बघत नाही."

"भीती वाटते?"

"आधी वाटली. मग म्हटलं, ही तरी माझ्याकडे बघतेय."

उतरणीला लागायच्या आधी मी किक मारली आणि सीटवर बसले. गाडी मागून हलकी लागली. रिकामी. तिची रिकामी उंची माझ्या कमरेला पाठ आहे. भीती नाही वाटली. एकटं वाटलं, आणि ते बोलून दाखवायला मला लाज वाटते.

शेजारी साइडकारची स्प्रिंग कुरकुरली. धाकटी जराशी कडेला सरकली, स्कार्फ आवरून घेतला, आणि हळूच म्हणाली, "बसा ना. दोघींना पुरते जागा."

८

धाकटीच्या डोळ्यांच्या कडा पावणेपाच महिन्यांत गेल्या. आता तिला काहीही दिसत नाही. घरात ती माझा हात धरून चालते, कप हवेत ठेवते, स्वतःवरच हसते.

पण रविवारी साइडकारमध्ये बसली की वेगळीच. "निळा ट्रक येतोय, ताई, आपल्या बाजूनं." मी ब्रेक दाबते. तीस पावलांनंतर वळण, आणि वळणातून निळा ट्रक. "डावीकडचं झाड पिवळं झालंय." "पुलावर एक बाई लाल छत्री घेऊन उभी आहे." बाई असते. छत्री लाल असते. मी विचारत नाही, तुला कोण सांगतं. ती मधूनमधून मान कलती करून ऐकते, हुंकार देते, कधी खुदकन हसते. तिला इतकं हसताना मी पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं. मला वाटेत काही सांगायचं असलं तर आता मीच थांबते, त्यांचं बोलणं संपेपर्यंत.

परवा परतताना सरळ रस्त्यावर धाकटी म्हणाली, "ताई, ही विचारतेय, तुझ्यानंतर गाडी कोण बघणार?"

हँडलवरचे माझे हात घट्ट झाले. "तिला कशाला चौकशा?"

"तिला शिकायचंय म्हणते. तुझ्याकडून."

मग मी मीच असल्यामुळे म्हटलं, "रविवारी सकाळी सात. उशीर चालायचा नाही. आणि माझ्याकडे काम उघड्या हातांनी करायचं. नटाचा आटा बसला की चुकला हे बोटांनाच कळतं."

धाकटीनं मान कलती केली. ऐकत राहिली. बराच वेळ. तिचं हसू हळूहळू मावळलं.

"ती विचारतेय," ती म्हणाली, "हातमोजे ठेवले तर चालेल का?"

मोठमोठ्या कारखान्यांत शिकलेल्यांचे हातमोजे मी काढायला लावलेत. टर्नरला एकदा कडाक्याच्या थंडीत काढायला लावले होते. नियम म्हणजे नियम. पण धाकटीचा चेहरा माझ्याकडे वळला होता, नेमका माझ्याकडे, आंधळा आणि घाबरलेला. आणि ती स्वतःसाठी घाबरलेली नव्हती, मी नाही म्हणेन आणि शेजारची उतरून जाईल याला घाबरलेली होती.

"ठेव म्हणावं, बाई," मी म्हटलं. "ठेव."

माझा नियम मी कुणापुढेही वाकवला तो पहिल्यांदाच, आणि तो बहिणीसाठी वाकवला असं मी टर्नरलाही सांगेन. पण तुम्हाला खरं सांगते. मला त्या हातमोज्यांखालचे हात बघायचे नव्हते.